छत्रीवाली मावशी आणि बाकीचे चाळीस

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर जेवढी परवानगी देते तेवढाच वाकलो आहे, उरलेला मनाने पोचता करून घे.) इकडे सगळं ठीक. हिचा गुडघा आता जिना चढताना बोलत नाही, फक्त उतरताना बोलतो, तेव्हा सुधारणाच म्हणायची. तुझी दाढ काढून झाली का, की अजून त्या दातांच्या डॉक्टरलाच तू तारखा देते आहेस? जावईबापूंचा पाय प्लास्टरमधून सुटला हे ऐकून बरं वाटलं. खरं तर त्या पायावरूनच लिहायला बसलो आहे. फोन न करता पत्र का, असं तू म्हणशील. तर फोनवर पहिलं वाक्य मी बोलतो, दुसरं तू बोलतेस आणि तिसऱ्याला तुझा कुकर बोलतो. शिवाय या प्रकरणात मूळ चूक तुझी आहे, आणि तुझी चूक तुला तोंडावर सांगणारा माणूस आपल्या घराण्यात अजून जन्माला यायचा आहे. (इंटरनेटवरच्या आपल्या वंशवृक्षात तो जन्मलाही असेल आणि त्याला तीन मुलंही असतील. तिकडेच येतो.)

तुला बरंचसं माहीत आहे, तरी पहिल्यापासून लिहितो. दुकानदारांचे वजनकाटे तपासून तीस वर्षं अहवाल लिहिलेल्या माणसाला मधूनच सुरुवात करता येत नाही. जावईबापू लिफ्ट दुरुस्त करणारे इंजिनिअर, आणि त्यांनी पाय मोडून घेतला तो तीन पायऱ्यांच्या जिन्यावर, हे आपण बाहेर कुठे बोलत नाही. वरच्या मजल्यावरच्या स्वतःच्या घरी चढणं त्यांना शक्य नव्हतं म्हणून तू त्यांना खाली तुझ्याकडे ठेवून घेतलंस आणि मायेने त्यांचा पलंग पॅसेजच्या दारासमोर लावलास. हाक मारली की तुला ऐकू यावी, हा तुझा हेतू चांगलाच होता. पण त्या पॅसेजच्या भिंतीवर आहेत काय, तर बाबांच्या स्टुडिओतून आलेले फ्रेम केलेले एकेचाळीस फोटो. समोर एकेचाळीस चेहरे, मांडीवर लॅपटॉप आणि हातात सहा आठवडे. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात, यांनी भिंतीला वंशावळ लावली. एकेका फोटोकडे बोट दाखवून ते विचारायचे, सासूबाई, हे कोण? आणि तू मटार सोलता सोलता, मानही वर न करता सांगायचीस, ती छत्रीवाली मावशी, ते घड्याळवाले आजोबा, तो रुसका काका. तुझी लेक तिथेच होती, पण ती बिचारी तरी काय बोलणार, तीही जन्मापासून त्यांना मावशी आणि आजोबाच म्हणत आली आहे. वंशवृक्षाच्या त्या वेबसाइटवर प्रत्येक माणसापुढे एक रकाना असतो, की ही माहिती मिळाली कुठून, स्रोत काय. जावईबापूंनी तिथे एकेचाळीस वेळा प्रामाणिकपणे लिहिलं, सासूबाई.

आता त्यांना जे कोणी सांगितलं नव्हतं ते तुला आणि मला पक्कं ठाऊक आहे. भिंतीवरचा एकही माणूस आपला नाही. ती सगळी बाबांची गिऱ्हाइकं, फोटो काढून गेलेली आणि न्यायला परत न आलेली. बाबा वर्षभर वाट बघायचे आणि मग फोटो फ्रेम करून स्टुडिओच्या जिन्यात लावायचे, म्हणजे माणूस उद्या आलाच तर त्याला आपण दिसावं. चेहरा टाकून देववत नाही, असं म्हणायचे. (जुन्या चपला, गंजके पत्रे आणि एक न चालणारा पंखासुद्धा त्यांना टाकून देववत नव्हता, पण ते असो.) आपल्या घरी तर नातेवाइकांचा दुष्काळच होता. बाबा एकटे, आई एकटी, सुट्टीत जायला ना मामाचं घर ना आत्याचं. शाळेत बाकीची मुलं मामाने काय आणलं ते सांगत बसायची आणि आपण गप्प. मग तूच एक दिवस जिन्यात उभी राहून वाटणी केलीस, की ही मावशी, हे आजोबा, हा काका. मी आठ वर्षांचा होतो. तू सांगितलंस आणि मी मानलं. त्या एका दुपारी आपल्याला एकेचाळीस नातेवाईक झाले आणि त्यांतला एकही जेवायला येणारा नव्हता म्हणून आईचीही हरकत नव्हती.

जावईबापूंनी मात्र या कामात जो शास्त्रीय मेंदू घातला त्याला तोड नाही. त्यांच्या लक्षात आलं की चौदा पुरुषांच्या अंगात एकच कोट आहे, नऊ जणांच्या मनगटावर एकच घड्याळ आहे आणि झाडून सगळ्या बायकांच्या हातात पोपटाच्या चोचीच्या मुठीची एकच छत्री आहे. कोट, घड्याळ आणि छत्री स्टुडिओची, ज्याच्याकडे नसेल त्याने फोटोपुरती घालायची, हे त्यांना कसं कळावं? त्यांनी लिहिलं की या वस्तू घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या आहेत. मागच्या पडद्यावर रंगवलेलं तळं आणि दगडी कठडा पाहून त्यांनी आपलं मूळ घर तळ्याकाठची हवेली असल्याचं नोंदवलं. पिढ्या लावल्या त्या कोटाच्या पितळी बटणांवरून. पाच बटणं ते पणजोबा, चार ते आजोबा, तीन ते काका. आणि ताई, गंमत बघ, नाती सगळी खोटी असली तरी कोणता फोटो आधीचा आणि कोणता नंतरचा, यात त्यांची एकही चूक नाही. बटणं त्याच क्रमाने तुटली होती. फक्त हिशेबात घड्याळवाले आजोबा आपल्या आईपेक्षा दोन वर्षांनी मोठे निघाले आणि वेबसाइटने तिथे लाल खूण केली. तेव्हा जावईबापूंनी त्या आजोबांना पंचवीस वर्षं मागे ढकललं आणि खूण घालवली. फोटोच्या कोपऱ्यात दाबून उठवलेलं स्टुडिओचं नाव त्यांना गावाचं नाव वाटलं, ते सगळ्यांच्या जन्मस्थळात गेलं.

इथवर असतं तरी मी म्हटलं असतं, जाऊ दे, घरातल्या घरात आहे. पण तो वृक्ष सामायिक. जगातल्या कोणीही यावं, बघावं आणि आवडलेली फांदी तोडून आपल्या झाडाला लावावी. परदेशातल्या एका गृहस्थांना आपले घड्याळवाले आजोबा इतके आवडले की त्यांनी ते आपले पणजोबा म्हणून उचलले, आणि कोटाला पितळी बटणं आहेत एवढ्यावरून त्यांना जहाजाचे कॅप्टन केलं. मग जावईबापूंना वेबसाइटने कळवलं की तुमच्या आजोबांबद्दल दुसऱ्या वृक्षात अधिक माहिती सापडली आहे. त्यांनी आनंदाने कॅप्टन ही पदवी आपल्याकडे घेतली आणि स्रोत म्हणून त्या गृहस्थांचा वृक्ष लिहिला. त्या गृहस्थांचा स्रोत आपण होतो. म्हणजे मी म्हणतो तू साक्षीदार, तू म्हणतोस मी साक्षीदार, आणि मधल्या मध्ये पोस्टमनसारखा दिसणारा तो गरीब माणूस समुद्रावर गेला. त्या महिन्यात मला हिच्या मोबाइलवर संदेश आला, की अभिनंदन, आपण एका कॅप्टनचे नातू आहात. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी माझी अवस्था झाली. (इथे घोडं जावयाने धाडलं, एवढाच फरक.)

मग मी कामाला लागलो. जावयाला कसं बोलणार, म्हणून मी अगदी गोड शब्दांत दोन पानी नियमावली लिहून पाठवली. ज्याला कागद नाही तो माणूस वृक्षात नाही, हा पहिला नियम. उरलेले अकरा नियम त्याच अर्थाचे होते. जावईबापू मनाने सरळ. त्यांना ते इतकं पटलं की त्यांनी माफी मागितली, मला खोडायचे अधिकार दिले आणि नियमावली वृक्षाच्या माथ्यावर चिकटवली. गेल्या महिन्यातल्या एका बुधवारी दुपारी चहाचा कप शेजारी ठेवून मी एकेका नातेवाइकाला निरोप देत गेलो. तीन बटणवाला रुसका काका गेला, कॅप्टन गेले, छत्रीवाली मावशी गेली. खोटं कशाला सांगू, मजा येत होती. फक्त पाळण्यातल्या बाळाशी थोडा अडखळलो, कारण बाकीचे सगळे परके असले तरी ते बाळ म्हणजे मी, असं मी अडुसष्ट वर्षं समजत आलो आहे. नियम तो नियम म्हणून मूळ फोटोची मागची बाजू जावईबापूंकडून मागवली. त्यावर बाबांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, मुलगी, तीन प्रती, आल्या नाहीत. मी स्वतःला खोडलं आणि चहा गार झाला म्हणून पुन्हा करून घेतला.

दुसऱ्याच दिवशी वेबसाइटवर एका बाईंचा निरोप आला. निवृत्त नर्स आहेत, माझ्याच वयाच्या, एकट्या राहतात. त्यांनी लिहिलं होतं की महिन्याभरापासून मी रोज सकाळी तुमच्या वृक्षात माझ्या आईला, म्हणजे तुमच्या छत्रीवाल्या मावशीला, बघायला येते, आज ती दिसत नाही, माझं काही चुकलं का? मी तीनदा वाचलं. बाई सहा वर्षांच्या असताना त्यांच्या आईने आपल्या स्टुडिओत फोटो काढला होता. त्याच हिवाळ्यात आई आजारी पडली ती उठलीच नाही, वडील घर गुंडाळून दुसऱ्या गावी गेले, फोटो आणायचा राहिला. घरात आईचा दुसरा एकही फोटो नाही. चेहराही आठवेनासा झाला होता, शोधायला हाताशी होतं ते एवढंच, स्टुडिओचं नाव. निवृत्तीनंतर एकदा सहज त्यांनी ते नाव शोधलं आणि आपल्या जावईबापूंनी ते एकेचाळीस जणांच्या जन्मस्थळात भरून ठेवलेलं. ती चूक झाली नसती तर त्यांना आई सापडलीच नसती. आणि आमच्यासारख्या शहाण्याने ती चूक दुरुस्त केली.

मी म्हणजे मीच. मी त्यांना उलट लिहिलं, की बाई, भावना समजल्या, पण छत्रीवरून ओळख पटत नाही, ती छत्री पंधरा जणींच्या हातात आहे. (हे लिहिताना मला लाज वाटली नव्हती. आता वाटते.) त्यावर त्यांनी रागावून नाही, अगदी नर्सच्या शांतपणाने उत्तर पाठवलं. फोटोत खाली डाव्या कोपऱ्यात आईचा पदर धरलेली एक लहान मूठ दिसेल, ती माझी आहे. फोटोत मला घ्यायचं नव्हतं, पण मी पदर सोडेना. येताना तुमच्या दारात माझा अंगठा चेमटला होता आणि फोटोवाल्यांनी कॅमेऱ्यावरच्या काळ्या कापडाची पट्टी फाडून बांधली होती. सोबत त्यांनी आपल्या अंगठ्याचा आजचा फोटो जोडला होता, नख अजून वाकडं आहे. मी फोटो मोठा करून पाहिला. मूठ आहे, ताई. अंगठ्यावर काळी पट्टी आहे. त्या कॅमेऱ्याच्या कापडाचा एक कोपरा कायम फाटका होता, आठवतं? आई शिवायला मागायची आणि बाबा द्यायचे नाहीत. आयुष्यभर मी सह्या आणि शिक्के मागत आलो, आणि अंगठा दाखवून मला गप्प करणारी ही पहिलीच. मला फार वाईट वाटलं, आणि बाबांची फार आठवण आली.

वेबसाइटवर खोडलेला माणूस महिनाभर ठेवून देतात, तेव्हा छत्रीवाल्या मावशीला परत आणणं एका मिनिटाचं काम होतं. पण तिथे सुटा माणूस चालत नाही, कोणाचा तरी कोणीतरी असावा लागतो, नाहीतर यंत्र पुढे जाऊ देत नाही. यादीत जन्माचं नातं आहे, दत्तक आहे, सावत्र आहे, गिऱ्हाईक मात्र नाही. सगळ्यात खाली इतर असं होतं, ते निवडलं आणि लिहिलं, मावशी, मानलेली. बाकीचे चाळीस अजून बाहेरच आहेत. मी समाधानाने उठलो, आणि तासाभरात जावईबापूंची सूचना आली. नोंद शंकास्पद, कागद नाही, नियम क्रमांक एक, सात दिवसांत पुरावा न दिल्यास आपोआप काढली जाईल. खाली हात जोडून लिहिलं होतं, मामा, रागावू नका, पण नियम तुमचेच. मी फोन करून मूठ, पट्टी, अंगठा सगळं सांगितलं. ते म्हणाले, मामा, यावरून ती त्यांची आई ठरते, आपली मावशी कशी ठरते? बरोबरच आहे. मी असतो तर हेच विचारलं असतं. आपणच पाजलेलं दूध आहे, आता फणा आपल्यावरच निघाला तर तक्रार कोणाकडे करायची?

असो. तुला यात काही करायचं नाही, फक्त घरातली बातमी घरात असावी म्हणून कळवलं. दाढेचं मनावर घे. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याची मुदत जवळ आली आहे, तो भर. (सरकारलासुद्धा दर वर्षी पुरावा लागतो की तू आहेस, तेव्हा एकट्या मला हसू नकोस.) लेकीला आशीर्वाद, जावईबापूंना नमस्कार आणि जिन्यावर कठड्याला धरून चालायला सांग.

तुझा एकुलता एक, त्यामुळे लाडका असण्यावाचून गत्यंतर नसलेला,
धाकटा

ता. क. : वर काही करायचं नाही असं लिहिलं ते पूर्ण खरं नाही. मी रात्रंदिवस विचार केला नाही, पण दोन दुपारी केला. रक्ताच्या नात्याला कागद लागतो, मानलेल्या नात्याला ते मानणारा माणूस लागतो. जिन्यात उभं राहून तिला मावशी म्हणणारी पहिली तू. तेव्हा एका कोऱ्या कागदावर स्वतःच्या अक्षरात एवढंच लिही, की वयाच्या चौदाव्या वर्षी मी हिला मावशी मानलं, आणि खाली सही करून तो वर जावईबापूंना नेऊन दे. यात खोटा शब्द एकही नाही, तेही नाही म्हणू शकणार नाहीत. शनिवारी संध्याकाळी सहाला मुदत संपते. हे पत्र तुला बुधवारी मिळेल, म्हणजे तीन दिवस आहेत. विसरू नकोस, ताई, नाहीतर ती बाई परत एका सकाळी येईल आणि आई दिसणार नाही.

आणखी एक ता. क. : नर्सबाईंना आईच्या साडीचा रंग विचारायचा आहे. फोटोत निळा आहे, पण त्यांना हिरवा आठवतो. मी सांगितलं की काळ्यापांढऱ्या फोटोंना रंग माझी बहीण द्यायची, काडीला कापूस गुंडाळून, तासन्‌तास, एकेक गाल जपून. बाबा पाकिटावर रंग लिहून द्यायचे, पण तुझ्या बाटल्यांत कधी काय संपलेलं असेल ते तुलाच ठाऊक. नीट आठवून ठेव.

शेवटचं, आता खरंच शेवटचं : मी त्यांना फोनवर स्पष्ट सांगितलं आहे की आपलं आणि त्यांचं नातं काही नाही, फोटो केवळ न्यायचा राहिला म्हणून भिंतीवर लागला. मला वाटलं, बाई रडतील. त्या म्हणाल्या, "असू दे हो, पण तुमच्या ताईंनी माझ्या आईचा चेहरा इतका वेळ बघितलाय. माझ्यापेक्षा जास्त. मला त्यांना भेटायचंय." मी तुझा पत्ता दिला. रविवारी सकाळी अकराला येतील, घरी रहा, आणि तो फोटो आधीच भिंतीवरून उतरवून, पुसून, कागदात बांधून ठेव. न्यायला येत आहेत.